चौकटीत न मावलेलं पान

प्रिय खारूताई,

‘प्रिय’ लिहून मी दहा मिनिटं पेन खाली ठेवलं होतं. खोडावं की ठेवावं, ठरेना. ठेवलं, कारण खोडलं असतं तर ते खोटं झालं असतं. पण त्यावरून माझा राग उतरलाय असा अर्थ काढू नकोस. मी तुझ्यावर इतका रागावलोय की तुझं नाव निघालं तरी मामी खोलीतून उठून जाते. तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून कागद घेतला. शिवाय कागदावर मला पाठपोट लिहिता येतं, समासात आडवं लिहिता येतं, म्हणजे तुझ्या त्या फोटोच्या चौकोनात हे मावायचं नाही. मामी म्हणाली, वरती ठळक अक्षरांत ‘येथे फोटो काढू नयेत’ असं लिहा, संग्रहालयात असतं तसं. तिला अजून विनोद सुचतात. मला सुचेनासे झालेत.

तुझं पार्सल परवा मिळालं. जुन्या टी-शर्टात गुंडाळलेली वही होती, चिठ्ठी नव्हती. चार ओळींची चिठ्ठी लिहायला तुला जड गेलं, आणि माझ्या वहीतलं पान अख्ख्या दुनियेला वाचून दाखवायला मात्र मिनिट लागलं नाही. असो. वहीबद्दल शेवटी लिहीन. आधी मला बोलून घेऊ दे. गेले तीन आठवडे मी सगळ्यांशी इतकं शहाण्यासारखं बोलतोय की जबडा दुखायला लागलाय.

मी आता औषधांच्या खिडकीवर बसत नाही. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे इस्त्री साहेबांनी (शर्टाला कधी चुणी नसते म्हणून हे नाव तूच ठेवलं होतंस), मला तळघरातल्या स्टोअरमध्ये हलवलं. म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी. तिथे खोकी उघडायची, मुदतीच्या तारखा बघायच्या आणि खोकी परत रचायची. बावीस वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघून औषध देत आलो, कोण कागद उलटा धरतो, कुणाला ऐकू कमी येतं, कोण गोळी जेवणाआधी की नंतर हे विचारायला लाजतो, हे बघत. आता पुठ्ठ्याकडे बघतो. खिडकीवरचा माझा शेवटचा दिवस कसा गेला, ते तुला कुणी सांगितलं नसेल. एका माणसाने पाकीट घेतलं, उलटसुलट केलं, माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि काचेतून परत सरकवलं. म्हणाला, आधी एक तुम्ही खा, मग मी घेतो. रांगेतली माणसं हसली. एक बाई म्हणाली, अहो नका, त्यांना लिहायला आणखी एक पान मिळेल. मी पाकीट उचललं, पुन्हा दोनदा वाचलं आणि पुन्हा पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. रक्तदाबाचं औषध होतं, खारूताई. तो माणूस औषधाशिवाय घरी गेला. हे कुणाच्या खात्यावर लिहायचं, माझ्या की तुझ्या?

तू म्हणशील, मी मुद्दाम केलं का? नाही. तेच तर डोक्यात जातं. मुद्दाम केलं असतंस तर एकदा कडाडून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तू कौतुकाने केलंस.

त्या वह्यांचं मूळ तुला कधी नीट सांगितलं नाही, ती चूक माझी. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या थोरल्या साहेबांचा एक नेम होता. संध्याकाळी काम आटोपलं की सगळ्यांना उभं करायचे आणि विचारायचे, बोला, आज कोण कुठे घसरलं? ज्याच्या हातून चूक झाली किंवा होता होता राहिली त्याने ती रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहायची. रागवायचे नाहीत. जो आठवडाभर काहीच लिहायचा नाही, त्याच्यावर मात्र डोळे वटारायचे. म्हणायचे, ह्याचं लक्ष नाही. ते निवृत्त झाले, इस्त्री साहेब आले, रजिस्टर बंद झालं. असलं लेखी ठेवणं बरं नव्हे, उद्या कुणी दाखवलं तर, असं ते म्हणाले. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात भित्रा म्हटलं होतं. रजिस्टर बंद झालं तरी मी घरी लिहीत राहिलो. दिवसाच्या नोंदीखाली शेवटची ओळ ठरलेली, ‘आजची चूक’. कधी ती औषधाची असते, कधी मामीवर उगाच खेकसल्याची, कधी तुला स्टेशनवर घ्यायला उशिरा पोचल्याची. ते वाचायला कुणी नव्हतं म्हणून ते खरं होतं.

तू कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा अठरा वर्षांची होतीस. बटणं, तिकिटं, शाई संपलेली पेनं, सगळं गोळा करून उशीखाली ठेवायचीस, म्हणून खारूताई. माझ्या वह्याही तुला त्यातल्याच वाटल्या असणार. गेल्या खेपेला आलीस, कपाटातून एक वही काढलीस आणि विचारलंस, मामा, ही नेऊ का, तुझं अक्षर किती सुंदर आहे, एखादं पान टाकीन म्हणते. मी हो म्हणालो. हे मी कबूल करतो, कारण मागाहून तुला मीच म्हणालो होतो की तू न विचारता नेलीस. ते खोटं होतं, रागाच्या भरात बोललो. तू विचारलं होतंस. कुठे टाकणार, किती जण बघणार, कोणतं पान, हे मी विचारलं नाही. अक्षर सुंदर म्हटल्यावर माझे कान बंद झाले. शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस इतक्यावर विरघळतो.

पण तू पान वाचायला नको होतंस का? नुसतं अक्षर बघितलंस! त्या पानावर सहा वर्षांपूर्वीचा एक दिवस होता. एकाच कंपनीच्या दोन गोळ्या, दोन्हींची पाकिटं जांभळी, एक रक्तदाबाची आणि एक साखर उतरवणारी. ‘आज माझ्या हातून वरच्या वॉर्डात चुकीची पाकिटं गेली. मी दोनदा वाचलं नाही. रुग्णाचा जीव माझ्या निष्काळजीपणामुळे धोक्यात आला.’ इथे तुझा चौकोन संपला. खालच्या ओळी छापल्या नाहीत, कारण तिथे चहाच्या कपाचा डाग होता आणि तो तुला बरा दिसला नाही. हे तूच मला फोनवर सांगितलंस, अगदी निरागसपणे, मामा डाग होता रे म्हणून कापलं. एका डागापायी! डाग ठेवून पान पूर्ण टाकलं असतंस तर आज मी खिडकीवर असतो. वर तू लिहिलंस, ‘माझा मामा रोज स्वतःची चूक लिहितो. अशी माणसं उरलीत का?’ माझं नाव नव्हतं, रुग्णालयाचं नव्हतं. एवढी अक्कल तू दाखवली होतीस, ते मान्य.

आणि मग मी जे केलं ते वाचून मामीने कपाळावर हात मारला. तुझ्या पोस्टखाली लोक लिहायला लागले. कुणी कौतुक करत होतं, कुणी प्रश्न विचारत होतं. मला वाटलं, कुणी आपल्याला उद्देशून बोलत असताना गप्प बसणं हा उद्धटपणा झाला. खिडकीवर कुणी विचारलं तर मी उत्तर देतो, तसंच इथे. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसून एकेकाला उत्तर देत गेलो, स्वतःच्या नावाच्या खात्यावरून. एकाने विचारलं, हे कुठलं? मी रुग्णालयाचं नाव लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, कोणत्या साली? साल लिहिलं. तिसऱ्याने विचारलं, तुम्ही अजून तिथेच काम करता का? मी लिहिलं, होय, रोज आठ ते चार, आपलं स्वागत आहे. तेव्हा मला दर तासाला लाइक मोजायची खोडही लागली होती. हेही त्या दिवशीच्या ‘आजची चूक’मध्ये आहे, खोटं वाटलं तर येऊन बघ. तू दार उघडं टाकलंस हे खरं, पण पत्ता मी लिहिला. मामी म्हणाली, चोराला एवढी सोय कुणी करून देत नाही, तुम्ही तर त्याला जेवायलाही बोलावलंत.

चौथ्या दिवशी कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून आणि माझी उत्तरं खाली चिकटवून दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर टाकला. मथळा, ‘औषधवाल्याची कबुली’. तिथून पुढे ते तुझं राहिलं नाही आणि माझंही नाही. ज्यांना माझा चेहरा माहीत नाही, ते माझा मृत्यू कसा व्हावा याच्या कल्पना लढवू लागले. एकाने लिहिलं, ह्याच्याच गोळ्या ह्यालाच चारा. तोच विनोद दोन दिवसांनी माझ्या खिडकीवर चालत आला, तुला सांगितलंच. मामी दुकानात गेली की बायका बोलता बोलता गप्प होतात. या माणसांबद्दल मला इतका तिटकारा वाटला की दोन-तीनदा त्यांना उत्तर द्यायला बोटं शिवशिवली. एकाला तर लिहिलंही होतं, असं लिहिलं होतं की तुझ्यासमोर वाचायची लाज वाटेल. पाठवलं नाही. पण लिहिलं होतं.

त्या सगळ्या गलक्यात एका बाईंनी मला वेगळं लिहिलं. शिवी नाही, आरोप नाही. त्यांची आई त्याच साली, आमच्याच वरच्या वॉर्डात वारली होती. त्यांनी एवढंच विचारलं, तो रुग्ण माझी आई होती का? खारूताई, तू फोन बंद करून बसलीस ना, मग हा प्रश्न एकदा मोठ्याने वाच. सहा वर्षांपूर्वी जिचं दुःख एकदाचं निवलं होतं, त्या बाईच्या पुढ्यात तू आणि मी मिळून पुन्हा एक प्रेत ठेवलं. मी त्यांना लगेच लिहिलं, ताई, ते रुग्ण पुरुष होते, आणि कुणाच्या पोटात काही गेलं नाही, पाकीट उघडायच्या आत मी स्वतः वर धावत जाऊन ते परत आणलं, तुम्ही निर्धास्त राहा. त्यांनी उत्तर दिलं, दहा दिवसांनी आज जेवण गोड लागेल. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

इथवरचा राग मी गिळला असता. जो गिळता येत नाही तो पुढचा. गवगवा झाल्यावर तू ते पान काढून टाकलंस, खातं बंद केलंस आणि जाता जाता लिहून गेलीस की हे पान कोणाच्याही डायरीतलं नाही, तू केलेल्या काल्पनिक लेखनाचा भाग आहे, गैरसमजाबद्दल क्षमस्व. म्हणजे मी काल्पनिक. खाली बसून उत्तरं देणारा मीही काल्पनिक. बावीस वह्या काल्पनिक. मला विचारलंस? अक्षर टाकायला विचारलंस आणि मला पुसून टाकायला विचारलं नाहीस! मला वाचवायला केलंस, ठाऊक आहे. पण लोक काही दूधखुळे नाहीत. त्यांनी दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले, आणि आधी जे मला निष्काळजी म्हणत होते ते आता लबाड म्हणू लागले. निष्काळजी मी एके दिवशी होतो. लबाड मी कधीही नव्हतो. तिकडे काही टाकलं की ते काढता येतं ही तुझी समजूत आहे. आपल्याला दिसेनासं होतं, एवढंच.

आणि या तुझ्या वाक्याने सगळ्यांत खूश कोण झालं असेल? इस्त्री साहेब. गुरुवारी अकरा वाजता चौकशी आहे, तीन जणांची समिती. साहेबांनी मला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे केला. ‘सदर मजकूर माझ्या भाचीने केलेले काल्पनिक लेखन असून प्रत्यक्षात अशी कोणतीही घटना घडलेली नाही.’ खाली सही करा, सोमवारपासून खिडकीवर या. म्हणाले, तुमची भाची हुशार आहे हो, छान वाट काढली. सहा वर्षांपूर्वी, त्या दिवशीच मी लेखी कळवलं होतं साहेब, मी म्हणालो, तो कागद कुठे आहे? म्हणाले, सापडत नाहीये, आणि नाही सापडला तर बरंच नाही का? मी सही केली नाही. पण कागद परतही दिला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि तीन दिवस तो खिशात घेऊन फिरलो. हेही तुला कळलं पाहिजे. खिडकी मला हवी आहे. ज्या दिवशी मी तिथे नसतो त्या दिवशी मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

तेव्हा मी वहीची वाट बघत होतो. खालच्या ओळी दाखवायच्या, पाकीट उघडलंच नव्हतं हे सिद्ध करायचं, साहेबांचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवायचा आणि ताठ मानेने बाहेर यायचं, असं सगळं मनात रचून ठेवलं होतं. परवा वही आली. मी हात धुऊन बसलो. पान उघडलं. डाग होता, डागाखाली ओळी होत्या, आणि त्या अशा होत्या: ‘धावत वर गेलो. तीन पाकिटं परत आणली. एक फोडलेलं होतं. दुपारची एक गोळी रुग्णाच्या पोटात गेली होती.’ आणि पाठीमागे: ‘डॉक्टरांना आणि रुग्णाच्या मुलाला लगेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत दर तासाला साखर बघितली. दोनदा उतरली, चढवली. सात वाजता धोका टळला. मुलगा म्हणाला, लपवलं नाहीत हे बरं केलंत.’ आणि समासात निराळ्या शाईने, ‘चौथ्या दिवशी आजोबा चालत घरी गेले.’

मी ते किती वेळा वाचलं, सांगत नाही. सहा वर्षं मी ही हकीकत खिडकीवर येणाऱ्या नव्या शिकाऊ पोरापोरींना सांगत आलोय. दर वेळी थोडी थोडी गुळगुळीत होत गेली. आधी गोळी गेली पण काही झालं नाही, मग जाणार होती, मग पाकीट फोडणारच होते तेवढ्यात मी पोचलो. मला पत्ताही लागला नाही. डाग नको म्हणून तू चार ओळी कापल्यास, आणि मी काय केलं? तू कात्री चालवलीस ती एकदा, मी सहा वर्षं. आणि वही हाताशी नसताना, न बघता, मी त्या बाईंना छातीठोकपणे लिहून दिलं की कुणाच्या पोटात काही गेलं नाही. स्वतःच्या नावाने, तारखेसह, जिथून काही पुसलं जात नाही अशा ठिकाणी.

ही चार पानं तुला रागावण्यासाठी लिहिली असं मलाही वाटत होतं. तसं नाही. मला तुझ्याकडून एक काम हवंय आणि ते मागण्याआधी माझी बाजू वर ठेवायची होती. आता ती उरली नाही, तरी काम मागतो. सोबत त्या पानाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आहे, डागासकट. आजच्या कुरियरने पाठवतोय, गुरुवारच्या आत मिळेल. उद्या, बुधवारी, मी त्या बाईंकडे जाऊन वही त्यांच्या हातात देणार आहे. त्यांच्या आईचा याच्याशी संबंध नव्हता हे वहीत दिसतंच. पण एकदा चुकीचं सांगणाऱ्यावर त्यांनी दुसऱ्यांदा का विश्वास ठेवावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांनी दार लावलं तर जिन्यावर बसेन. गुरुवारी वही समितीपुढे ठेवीन आणि साहेबांचा कागद सहीशिवाय परत करीन. पुढे खिडकी मिळेल की तळघर, की तेही नाही, माहीत नाही. मी आत गेल्यावर, अकरानंतर, आधी नाही, तू खातं पुन्हा उघड आणि दोन्ही बाजू टाक. कापू नकोस. तुझ्या नावाने टाक, माझंही नाव घाल, आणि ‘काल्पनिक’ लिहिलं होतं ते खोटं होतं असं स्वच्छ लिही. खाली लोक काय वाटेल ते लिहितील. तू उत्तरं देऊ नकोस, मीही देणार नाही; मामीने माझा फोन पिठाच्या डब्यात ठेवायचं कबूल केलंय. आणि त्यानंतर फोन उचल. मी रागावेनच, पण उचल.

आजची चूक: भाचीला चार पानं झापलं, आणि त्यातलं जे अर्धं स्वतःला झापायचं होतं ते शेवटच्या पानावर आलं.

तुझाच, अजून न निवळलेला,
मामा